युद्धात हरवलेली मुले आणि नावाची नोंद
(पन्हाळा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या गडावर आज आपण जमलो आहोत, त्याने युद्ध अगदी जवळून पाहिले आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी तोफा व दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस आले. त्या काळचे नवे यंत्र या डोंगरावर आले ते माणसे मारण्यासाठी. पुढे १९४३ साली कोल्हापूर शहराच्या पूर्वेस वळिवडे येथे एक छावणी उभी राहिली. ती मात्र युद्धाने देशोधडीस लावलेल्या माणसांना जगविण्यासाठी होती.

१९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना सायबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले. १९४२ साली त्यांतील काही इराणमार्गे बाहेर पडली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांना आसरा दिला. वळिवड्यास १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आली. पोलिश लोक गेल्यानंतर त्याच जागी फाळणीने घर गमावलेले सिंधी निर्वासित वसले. आजचे गांधीनगर ते हेच होय.

या छावणीत मुलांना अन्न व निवारा मिळाला, ही गोष्ट मोठी खरीच. परंतु एवढ्यानेच ती मुले माणसांत आली, असे समजू नका. तेथे त्यांना स्वतःच्या भाषेतील शाळा मिळाली, बालवीर पथके मिळाली, नाटक व प्रार्थना मिळाली. आपण कोण, कोणाचे, हे त्यांना विसरावे लागले नाही. युद्ध मुलाचे घर जाळते; त्याहूनही भयंकर म्हणजे ते त्याचे नाव पुसते. आईबापांपासून तुटलेल्या चार वर्षांच्या लेकराला आपले आडनाव कोणी विचारले तर ते काय सांगणार?

या प्रश्नावर त्या काळात जे यंत्र शोधले गेले, ते अत्यंत साधे होते: कागदाचे कार्ड. जिनिव्हा येथे रेड क्रॉसच्या मध्यवर्ती कचेरीत दुसऱ्या महायुद्धात बंदिवान व बेपत्ता माणसांची कोट्यवधी कार्डे लावली गेली. शोधणाऱ्याचे कार्ड आणि सापडलेल्याचे कार्ड शेजारी आले, की तुटलेले नाते जुळे. पंचवीस शब्दांचा छापील नमुना शत्रूच्या सरहद्दी ओलांडून घरी पोहोचे. पंचवीस शब्द! पण "मी जिवंत आहे" हे सांगावयास तीनच शब्द लागतात.

परंतु बंधूंनो, कार्डाला स्वतःची नीती नसते. त्याच वर्षांत हॉलंडमध्ये लोकसंख्येची चोख नोंद जर्मन सत्तेच्या हाती पडली आणि ज्यू कुटुंबांना हुडकून काढण्यास तीच उपयोगी पडली. म्हणून १९४३ च्या मार्चमध्ये तेथील प्रतिकारकांनी अ‍ॅमस्टरडॅमची नोंदणी कचेरीच पेटवून दिली. रवांडात १९९४ साली रेडिओने शेजाऱ्याला शेजाऱ्याचा खून करावयास चिथविले. आणि त्याच वर्षी, त्याच भाषेत, बी.बी.सी.ने ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून प्रसारण सुरू केले. यंत्र तेच, त्यामागील मन निराळे.

आज कार्डाची जागा संगणकाने घेतली आहे. रेड क्रॉस आप्तांना शोधणाऱ्यांची छायाचित्रे इंटरनेटवर प्रसिद्ध करते. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर युक्रेनमधील विस्थापित मुलांनी परदेशातूनही दूरस्थ शाळेद्वारे आपल्या भाषेतील शिक्षण चालू ठेवले. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत रेड क्रॉसच्या संगणकांवर हल्ला झाल्याचे उघड झाले आणि पाच लाख पंधरा हजारांहून अधिक पीडितांची माहिती परक्यांच्या हाती गेली. जो आधीच सर्वस्व गमावून बसला, त्याच्या नावाचीही चोरी झाली!

म्हणून यंत्रावर कायद्याचा लगाम हवा. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम २४ सांगते, की युद्धाने अनाथ वा विभक्त झालेल्या पंधरा वर्षांखालील मुलांना वाऱ्यावर सोडता येणार नाही; त्यांचे पोषण, शिक्षण व धर्माचरण यांची सोय झाली पाहिजे. कलम २५ कुटुंबाच्या खुशालीचा निरोप जाऊ देण्यास सांगते, तर कलम २६ विखुरलेल्या कुटुंबांचा शोध सुलभ करावयास सांगते. १९८९ च्या बालहक्क कराराचे कलम ३९ अशा मुलाच्या मनाची व शरीराची जखम भरून काढणे हे राज्यांचे कर्तव्य ठरविते. हा करार भारताने १९९२ साली मान्य केला. २०१५ साली सुरक्षा परिषदेने २२५० क्रमांकाच्या ठरावाने तरुण हे शांततेचे भागीदार आहेत, केवळ दयेचे विषय नव्हेत, हे मान्य केले.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. तरीही आपल्या संविधानाची कलमे १४ व २१ 'नागरिक' म्हणत नाहीत, 'व्यक्ती' म्हणतात. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे त्यांच्या जीविताचे रक्षण राज्यावर बंधनकारक ठरविले. एका शब्दाची ही किंमत आहे.

नोंदवहीतील शब्दाची किंमत आपणांस मी काय सांगावी? १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध बांधवांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींचा हक्क मिळावयास १९९० सालचा कायदा यावा लागला. दाखल्यावर काय लिहिले जाते, कोण लिहितो आणि ते कोणाच्या हाती पडते, यावर माणसाचे आयुष्य कसे हेलकावे खाते, हे आपल्या घराघरांना ठाऊक आहे. म्हणूनच निर्वासित लेकराचे दुःख आपणांस परके वाटता कामा नये.

आता कर्तव्याचे बोलू. आपल्या मुलामुलींच्या हाती आज मोबाइल आहे. एकाकी मूल दिसले तर त्याचे छायाचित्र चव्हाट्यावर पसरवू नका. ज्यापासून ते पळाले, त्याच्याही हाती ते पडू शकते. १०९८ या क्रमांकावर कळवा, बालकल्याण समितीपुढे त्याची रीतसर नोंद करवा आणि ती त्याच्याच नावाने, त्याच्याच भाषेतील उच्चाराप्रमाणे होते की नाही हे पाहा. कोठे दंगल वा युद्ध झाले की द्वेषाचे संदेश सर्वांत आधी धावतात. असा संदेश आपल्या हातून पुढे जाणार नाही, एवढा नियम प्रत्येक घराने करावा. आणि वस्तीत कोणी विस्थापित कुटुंब आले, तर त्याच्या मुलाला प्रथम शाळेत नेऊन बसवा. चौकशी मागाहून होईल. बुडालेले वर्ष मात्र परत येत नाही.

वळिवड्याची मुले पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी जगभर पांगली. त्यांतील काही २०१९ साली, म्हातारपणी, कोल्हापूरला पुन्हा आली. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. सामान्य माणसांनी परक्या लेकरांना दिलेला आसरा एवढा दीर्घायुषी ठरतो. तोफा देणाऱ्यांचे असे स्मारक कोणी उभारले नाही.

जयभीम.