अडीच वर्षांचा दादा



बालवाडीत मुलाला सोडायला आलेली आई बाकीच्या बाया पांगेपर्यंत रेंगाळते आणि मग हळूच विचारते, "बाई, हा बाळाला मारतो हो. काल गालाला कडकडून चावला. असा कसा निघाला हा?" ती वसईच्या गावातली असो नाहीतर नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमधली, आवाज तसाच दबका असतो. घरातलं काही वाईट बाहेर सांगतोय असा. म्हणूनच आज हा विषय चारचौघांत, मोकळ्या आवाजात बोलायला घेतला आहे.

या आयांना मी आधी सांगते, तुमचं मूल दुष्ट निघालेलं नाही. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, चावणं दोन ते साडेतीन-चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये ते कमी होत जातं, असं त्यांना दिसलं. राग आधी येतो, तो सांगायचे शब्द मागून येतात. मधल्या काळात हात आणि दात बोलतात.

नेमक्या याच वयात घरात बाळ येतं. आता त्या मुलाच्या बाजूने बघा. आई एके दिवशी दवाखान्यात किंवा माहेरी गेली. परत आली तेव्हा मांडीवर दुसरंच कोणी. बारशाला माणसं आली, ती थेट पाळण्याकडे गेली. जाता जाता कोणीतरी याच्या गालाला हात लावून म्हणालं, "काय रे, आता तुझे लाड संपले!" दुसरं म्हणालं, "बाळाला आम्ही घेऊन जाऊ का?" आपण हसतो. त्याला ते सगळं खरं वाटतं. आणि दिवसभर एकच पालुपद: तू आता दादा झालास, तू मोठा आहेस, समजून घे. कालपर्यंत भरवलेला घास आज हाताने खा, कालपर्यंत कडेवर होतास, आज चाल.

मला आज तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे, की अडीच वर्षांच्या मुलाला एका दिवसात मोठं करू नका.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी पाड्यात जाऊन पाहिलं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड होतं. आईबाप कामावर, मग ती येणार कशी? त्यांनी त्या मुलीला उपदेश केला नाही. 'विकासवाडी' या आपल्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. धाकटं पाळणाघरात राहिलं, आणि मोठीला तिचं मूलपण परत मिळालं. आपल्या फ्लॅटमधल्या दादाच्या कडेवर बाळ नसतं, पण 'तू मोठा' हे ओझं तेच आहे.

आता घरात काय करायचं ते बोलू. पहिली गोष्ट सुरक्षिततेची, आणि तिथे तडजोड नाही. दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. दाराची बेल वाजली, दूध उतू चाललं, तरी एकाला सोबत न्यायचं. झोळी हे मोठं मूल फार जोरात झुलवतं, त्याला ती गंमत वाटते. तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. बाळाच्या टाळूला मार लागला, बाळ गदागदा हलवलं गेलं, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. चावल्याने कातडी फाटली तर साबण-पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवा.

आता मारण्याची वेळ बघा. मी विचारते, "कधी मारतो?" आई म्हणते, "दिवसभर." मग म्हणते, जरा आठवून सांगा. बहुतेक वेळा उत्तर निघतं: पाजायला बसले की. आईचे दोन्ही हात अडकलेले, नजर बाळावर, आणि तिला उठता येणार नाही हे याला बरोबर कळतं. मग त्या वेळेचीच तयारी करा. एका पिशवीत चार स्टीलच्या वाट्या, कपड्यांचे चिमटे, एखादं चित्रांचं पुस्तक ठेवा. ती पिशवी फक्त पाजताना खुंटीवरून खाली येईल. तो तुमच्या पाठीला टेकून बसू दे. पाजता पाजता त्याच्याशी बोला: "बाळ बघ कसं घाईघाईने पितंय. भूक लागली असेल का रे त्याला? तुला काय वाटतं?" हे बोलणं वरवरचं नाही. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी केंब्रिजमधल्या 40 कुटुंबांचा अभ्यास 1982 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. ज्या घरांत आई पहिल्या दिवसांपासून बाळाला काय हवंय, काय वाटतंय हे मोठ्याशी बोलत होती, त्या घरांत मोठं भावंड पुढेही धाकट्याशी जास्त मायेनं वागत होतं.

आणि तरीही हात उठलाच तर? तो हवेतच धरा. खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघा, आवाज न चढवता सांगा: "मारू देणार नाही. बाळाला दुखतं." बस्स, तेवढंच. आधी बाळाला जवळ घ्या, मग त्यालाही. थोड्या वेळाने, तो निवला की, शब्द द्या: "तुला राग आला ना? 'आई, मला पण घे' असं म्हण." लगेच 'सॉरी म्हण' म्हणून मागे लागू नका. "तूही चावून दाखव, म्हणजे कळेल त्याला" हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. मारू नकोस हे सांगताना आपण धपाटा घातला, तर मोठा असला की मारता येतं, हेच तो शिकतो. आणि मोठा आहेस हे तर आपण त्याला रोजच सांगतो.

वडिलांकडे वळते. विरार लोकल पकडायला पहाटे बाहेर पडणारे आणि रात्री मुलं झोपता झोपता घरी येणारे वडील या सभागृहात पुष्कळ असतील. तुमची दमछाक मला दिसते. तरी हात-पाय धुतल्यावर पाळण्याकडे जाण्याआधी मोठ्याला उचला. रविवारी त्याला एकट्याला घेऊन बाजारात जा, पापडी तलावावर जा, कुठेही जा. आईची मांडी अडली आहे, तुमचा खांदा मोकळा आहे. आज्यांनाही सांगते: बाळाची दृष्ट काढाल तेव्हा मोठ्यालाही शेजारी बसवा. मालिशच्या वेळी तेलाची वाटी त्याच्या हाती द्या. द्यायचा नसेल त्याला हातभार, तर नाही दिला तरी चालेल.

बाळ रांगायला लागलं की दुसरी लाट येते. तोपर्यंत आईची 26 आठवड्यांची रजा संपलेली असते, आणि बाळ मोठ्याची गाडी तोंडात घालायला लागतं. तेव्हा काही खेळणी फक्त त्याची, उंच फळीवरची. "दे ना, लहान आहे तो" हे वाक्य काही दिवस घरातून बंद ठेवा.

चौथं वर्ष उलटूनही मोठ्याचं मारणं वाढतच असेल, दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर कान आणि विकास तपासून घ्या. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, तिथे ही तपासणी मोफत होते. घरात मोठी माणसं एकमेकांवर हात उचलत असतील, तर उपचार मुलापासून सुरू होणार नाही. आणि स्वतः आईलाच रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, मुलांवर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर दिवसा-रात्री कधीही बोलता येतं, मराठीतही. आपली सून किंवा शेजारीण या अवस्थेत दिसली, तर तो नंबर तुम्ही लावून द्या आणि तिचं बोलणं होईपर्यंत दोन्ही मुलं तुमच्याकडे घेऊन बसा.