समुद्र कुणाच्या हिशेबात?

प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत विखुरलेल्या बेटांचे किरिबाटी हे राष्ट्र 1979 साली ब्रिटिश अंमलातून मुक्त झाले. त्याची जमीन अवघी 811 चौरस किलोमीटर. सागरी हद्द मात्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर. मासळी हाच या देशाचा आधार, हे उघड आहे. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात ‘मासेमारी’ या सदरापुढचा आकडा वास्तवाच्या मानाने तोकडाच राहतो. दोष बेरजेचा नाही. काय कोठे मोजावयाचे, याचा आहे.

परकीय कंपन्यांची पर्ससीन जहाजे या हद्दीत ट्यूना पकडतात. लेखापद्धतीप्रमाणे ते उत्पादन जहाजमालकाच्या देशाचे ठरते. किरिबाटीला मिळणारे परवाना शुल्क सरकारी महसुलात जमा होते. मासेमारीच्या सदरात नव्हे. बँकॉकच्या कारखान्यांत तीच मासळी डबाबंद झाली, की ती थायलंडच्या कारखानदारीत मोजली जाते.

पूर्वी परकीय ताफे एकेका बेटाशी स्वतंत्र सौदा करीत आणि भाव पाडीत. 1982 च्या नाउरू कराराने ही राष्ट्रे एकत्र आली; 2007 पासून त्यांनी मासेमारीचे दिवस मोजून विकण्यास आरंभ केला. परवान्यांचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले आणि किरिबाटीच्या सरकारी महसुलाचा तोच मुख्य स्रोत झाला. दुर्बळांच्या संघटनेचे मोल याहून स्पष्ट कोणते?

परंतु तिजोरी भरली म्हणजे चूल पेटली, असे नव्हे. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रिया आणि होडीतून घरापुरती मासळी आणणारे पुरुष यांच्या श्रमाची पावती फाटत नाही. घरी खाल्लेली मासळीही उत्पादनात धरावी, असा संयुक्त राष्ट्रांच्या लेखापद्धतीचा नियम आहे. पण त्यासाठी लागणारी कुटुंबपाहणी खर्चिक, म्हणून वर्षानुवर्षे जुन्या अंदाजांवर काम भागवले जाते. किनारा दूषित होऊन शिंपल्या संपल्या, तर तक्त्यात हानी दिसत नाही. उलट त्यांच्या जागी आयात केलेले डबाबंद मांस विकले गेले, की व्यापार वाढल्याची नोंद होते!

म्हणून हिशेबाची तीन सदरे वेगळी मांडली पाहिजेत : परवान्यांचे उत्पन्न, स्थानिकांची विक्री आणि घरचे अन्न. पहिल्यावरून तिजोरी कळते, दुसऱ्यावरून रोजगार, तिसऱ्यावरून पोट. ज्याची नोंद नाही, त्याचे रक्षण कोणतीच योजना करीत नाही. श्रमिकांचा समुद्र आधी हिशेबात आणणे, हा त्याच्या रक्षणाच्या लढ्याचाच भाग आहे.