'सवय झाली' म्हणण्याआधी

दादरा, सिल्वासाच्या कारखान्यांत आपल्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षं गेली. पाळ्या बदलतात, टार्गेट वाढतं आणि विचारलं की उत्तर ठरलेलं : "सवय झाली."

शरीराला मात्र ही सवय होत नाही. संकट आलं की अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतात. संकट टळलं की उतरतात. ताण महिनोन्‌महिने राहिला, तर शरीर कायम सावधच राहतं. मग झोप तुटते, पोट बिघडतं, डोकं दुखतं, क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो. हे आपल्याआधी घरच्यांना कळतं. त्यांचं ऐका. आणि तिन्ही पाळ्यांचे डबे करणाऱ्या गृहिणीची झोपही विचारा.

रात्रपाळी संपत आली की चहा टाळा, घरी अंधार करून झोपा. दारूने ताण उतरत नाही, झोप मात्र बिघडते. त्रास दोन आठवडे टिकला, तर डॉक्टरांना दाखवा किंवा २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही आहे. जगणं नकोसं वाटलं, तर दोन आठवडेही थांबू नका.

आरतीला शेजारी उभा असलेला "सवय झाली" म्हणाला, तर त्याला पुन्हा एकदा विचारा. गणपती बाप्पा मोरया!