सासूबाई वाळत चालल्यात, दोष कुणाचा?



गटाच्या बैठकीत बचत आणि हप्ते जमा झाले की घरच्या गोष्टी निघतात. त्यात दोन बोलणी आमच्या कानावर वारंवार येतात. एक, "सासूबाई वाळत चालल्यात, अन् गाव म्हणतं सून पोटाला घालत नाही." दुसरं, "आईला विसरण्याचा आजार झाला, आता मलाही होणार का?" आज या दोन्हींविषयी बोलू.

विसरण्याचा आजार म्हणजे डिमेन्शिया. ही म्हातारपणाची खोड नव्हे, मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांमध्ये आणि खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे.

या आजारात वजन घटणं नेहमीचंच. कधी कधी तर विसरणं लक्षात येण्याआधीच वजन उतरू लागतं. माणसाला भूक कळत नाही, वास-चव कमी होते, ताटासमोर बसूनही घास उचलायचं सुचत नाही. कुणी दिवसभर येरझारा घालतं. पुढे गिळायला त्रास होतो. काही औषधांनीही भूक मंदावते. म्हणजे सुनेनं ताट वाढूनही अंगी लागत नाही. उलट काहींचं वजन वाढतं. जेवल्याचं आठवत नाही म्हणून पुन्हा मागतात, किंवा सारखं गोडच हवं असतं.

म्हणून महिन्यातून एकदा उपकेंद्रात वजन करून वहीत लिहा. ५० किलोच्या बाईचं सहा महिन्यांत अडीच किलो वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवा. दातदुखी, क्षयरोग, साखर, थायरॉईड अशी दुसरी कारणंही असू शकतात. औषध मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

थोडं थोडं, पण चार-पाच वेळा द्या. दुधात कुस्करलेली भाकरी, तूप घातलेली मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, दाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी. ताठ बसवूनच भरवा, घाई नको. जेवताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता दुसरा प्रश्न. एपीओई नावाचं एक जनुक आहे. त्याचा ई-४ हा प्रकार आईकडून किंवा वडिलांकडून आला तर अल्झायमरचा धोका वाढतो. दोघांकडून आला तर आणखी वाढतो. पण धोका म्हणजे आजार नव्हे. ई-४ असूनही अनेकांना हा आजार होत नाही, आणि नसूनही अनेकांना होतो. पिढ्यान्‌पिढ्या चाळिशी-पन्नाशीतच आजार येणारी घराणी फार थोडी.

तेव्हा "त्यांच्या घराण्यात आहे" म्हणून कुणाच्या मुलीचं लग्न मोडू नका. जनुक बदलता येत नाही, पण रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, मिश्री-तंबाखू सोडणं, मध्यम वयात वजन फार वाढू न देणं, ऐकू कमी येत असेल तर तपासून घेणं, चारचौघींत मिसळणं हे आपल्या हातात आहे.

पुढच्या बैठकीत एक करू. ज्या घरी असं माणूस आहे, तिथल्या सुनेला आपण दोष देणार नाही. आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी कुणीतरी आजींजवळ बसेल आणि तिला थोडी झोप मिळू देईल. आणखी माहिती लागली तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर विचारा, किंवा आशाताईंशी बोला.