रेल्वेचा कोड रिव्ह्यू कोण करतं?

आमच्याकडे स्वतःचा कोड स्वतःच अप्रूव्ह करता येत नाही. रेल्वेचंही तसंच. नव्या मार्गावर प्रवासी गाडी सोडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात. मोठ्या अपघाताची चौकशीही तेच करतात. आणि ते रेल्वे मंत्रालयाकडे नाहीत बरं का, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत!

२ जून २०२३. बालासोरजवळ २९० हून अधिक जीव गेले. चौकशीत निघालं, सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करताना चुका झाल्या होत्या. खरगपूर विभागातच २०२२ मध्ये चुकीच्या वायरिंगमुळे असा प्रकार घडला होता. तेव्हाच दुरुस्ती झाली असती, तर हा अपघात टळला असता, असं अहवाल सांगतो.

आयुक्त शिफारस करतात, अंमलबजावणी रेल्वेनेच करायची. बग सापडूनही कुणी फिक्स केला नाही, तर रिव्ह्यूचा उपयोग काय?