‘शारदे’ला कोणी विचारले?

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गोविंद बल्लाळ देवल ह्यांच्या ‘संगीत शारदा’ ह्या नाटकाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून मी आपणांपुढे उभा आहे.

१८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला देऊ करतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. आई इंदिराकाकू तळमळते; परंतु नवऱ्याच्या निश्चयापुढे तिचे काही चालत नाही. कन्यादानाचा अधिकार पित्याचा, अश्रू ढाळण्याचा तेवढा मातेचा, अशी त्या घरातील वाटणी आहे.

पुढे ते लग्न मोडते. परंतु ते कशामुळे मोडते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मुलगी नको म्हणाली म्हणून ते मोडत नाही. वर आजोबांच्या वयाचा आहे म्हणूनही नाही. वधू आणि वर सगोत्र आहेत, हे कोदंड उघडकीस आणतो, म्हणून ते मोडते. शारदेचे दुःख सर्वांना दिसत होते. पण त्या दुःखाला शास्त्रार्थाइतके वजन नव्हते. रूढीला अडवावयाचे तर रूढीतलेच दुसरे कलम शोधावे लागले. आणि ज्या मुलीची सुटका झाली, ती तर नदीवर जीव द्यावयास निघाली! देवलांनी आपल्या समाजाची नाडी किती अचूक पाहिली होती, हे येथे कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी ह्या मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे बालगंधर्वांनीही शारदा रंगविली. त्यांच्या कलेला माझे वंदन असो. तथापि, मुलीच्या मनातील भीती रंगमंचावर बोलून दाखविण्यासही पुरुषाचाच कंठ लागत होता, हा त्या काळच्या रीतीचाच एक पुरावा होय.

१९२९ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. ते नाव नाटकावरून नव्हे, तर हरबिलास सारडा ह्यांच्यावरून पडले. त्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला. वय कायद्याने वाढविता आले. परंतु मुलीला विचारण्याची सवय घरातच लावावी लागते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या ज्येष्ठ कन्येच्या वेळी स्थळ उत्तम होते, घराणे परिचित होते. मी बैठकीत सुपारी फोडली आणि मग आत जाऊन तिला वार्ता सांगितली. तिचा संसार सुखाचा झाला, हे ईश्वराचे देणे. परंतु ती नको म्हणाली असती तर मी काय केले असते, हा प्रश्न मला अद्याप सोडीत नाही. पैसा घेतला नाही, एवढ्याने मी कांचनभटापासून फार दूर होतो, असे मला आता वाटत नाही.

म्हणून संघाच्या वधूवर सूचक समितीला माझी नम्र विनंती आहे. आपल्या नोंदणीपत्रकात गोत्र, शिक्षण, उंची ह्यांचे रकाने आहेत. त्यांत आणखी एक रकाना घालावा : वधूची स्वतःची अपेक्षा, आणि तो तिने आपल्या हाताने भरावा. पालकांनी तो भरू नये.