उत्सव कोणाचा?



जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या आओमोरी शहरात दरवर्षी २ ते ७ ऑगस्ट या काळात ‘नेबुता’ नावाचा उत्सव भरतो. तारेच्या सांगाड्यांवर कागद चढवून केलेल्या, आतून उजळलेल्या वीरपुरुषांच्या प्रचंड प्रतिमा रस्त्यांतून ओढल्या जातात. ठरलेला वेष धारण करणारा कोणीही, मग तो गावचा असो की परका, त्यांच्याबरोबर उड्या मारीत नाचू शकतो. ऐन उन्हाळ्यात, शेतीच्या राबत्या दिवसांत अंगावर येणारी झोप आणि सुस्ती नदीत सोडून देण्याच्या जुन्या प्रथेतून हा उत्सव उगवला असे मानले जाते. म्हणजे मुळात तो श्रमणाऱ्यांचा उत्सव आहे. साथीमुळे दोन वर्षे खंड पडल्यानंतर २०२२ साली तो पुन्हा भरला, तेव्हा आठ जणांच्या एका खास बैठकीचा दर दहा लक्ष येन ठेवण्यात आला. पुढच्याच वर्षी शिकोकू बेटावरील तोकुशिमा येथील प्रसिद्ध नृत्योत्सवात एका माणसाच्या एका खुर्चीला दोन लक्ष येन मोजण्याची सोय झाली.

रस्ता तोच आणि ढोलही तेच. परंतु नाचणारा आणि मोल देऊन पाहणारा यांच्यात आता दराच्या पाटीचे अंतर पडले आहे. हे अंतर जपानच्या ग्रामीण भागात कसे निर्माण झाले आणि ते कोठे रोखले गेले, याचा विचार कार्यकर्त्यांनी करणे उपयुक्त ठरेल.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पर्यटकाला शत्रू समजून हा प्रश्न सुटणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या उद्योगांनी खेड्यांतील तरुण मनुष्यबळ अक्षरशः उपसून नेले. बर्फाळ प्रदेशातील शेतकरी हिवाळाभर तोकियोच्या बांधकामांवर राबत आणि पेरणीला घरी परतत. ऑगस्टच्या मध्यावर पितरांच्या स्मरणाचा ‘बोन’ सण येतो. शहरात गेलेली मुले गावी येतात आणि रात्री साऱ्या गावाचे मिळून नृत्य होते. पांगलेल्या गावाला पुन्हा एक करणारी ती रात्र असे. पुढे मुले परतेनाशी झाली. १९७० साली ओस पडत चाललेल्या प्रदेशांसाठी खास कायदा करावा लागला. २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने तर ८९६ नगरे व गावे नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचा इशारा दिला. इवाते प्रांतातील कोकुसेकी मंदिराचा, हजार वर्षांची परंपरा सांगणारा थंडीतील उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये अखेरचा साजरा झाला. श्रद्धा आटली म्हणून तो थांबला नाही. रात्रभर बर्फात उभे राहून तो पार पाडणारे हात म्हातारे झाले आणि त्यांची जागा घ्यायला तरुण उरले नाहीत. अशा गावाने पाहुण्यांची वाट पाहिली तर त्याला दोष कोण देईल?

दोष द्यायचा तो या अगतिकतेचा व्यापार करणाऱ्या धोरणाला. १९७० साली राष्ट्रीय रेल्वेने ‘जपानचा शोध घ्या’ अशी जाहिरात-मोहीम उघडली आणि ज्या खेड्यांतून माणसे बाहेर पडत होती, तीच खेडी शहरी मनाच्या विसाव्यासाठी विकाऊ झाली. १९८७ साली नाकासोने मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत विश्रामस्थळांच्या विकासाचा कायदा झाला. करसवलती, स्वस्त कर्जे आणि जमीनवापराच्या नियमांत ढिलाई अशी त्रिविध खैरात त्यात होती. बहुतेक सर्व प्रांतांनी स्की-केंद्रे, गोल्फची मैदाने आणि हॉटेले यांचे आराखडे धाडले. १९९२ साली लोककलांच्या कार्यक्रमांतून पर्यटन व व्यापार वाढविण्याचाही कायदा आला. लोक त्याला ‘उत्सवांचा कायदा’ म्हणू लागले.

मियाझाकीचे ‘सीगाइया’ हे या धोरणाचे स्मारकच म्हटले पाहिजे. प्रांतिक सरकार, नगरपालिका आणि खाजगी भांडवल यांनी मिळून ते उभारले. खरा पॅसिफिक महासागर हाकेच्या अंतरावर असताना १९९३ मध्ये तेथे छपराखाली कृत्रिम लाटांचा समुद्र खुला झाला. २००१ साली सुमारे पावणेतीनशे अब्ज येनांच्या कर्जाखाली ती कंपनी कोसळली, मालमत्ता परदेशी गुंतवणूकदारांनी अल्प किमतीत उचलली आणि २००७ साली तो छपराखालचा समुद्रही बंद झाला. नफ्याची आशा खाजगी आणि तोट्याची हमी सार्वजनिक, अशी ही भागीदारी होती.

याहून वेदनादायक कथा होक्काइदोमधील युबारी या कोळसानगरीची आहे. १९६० साली तेथे सुमारे १ लक्ष १७ हजार लोक राहत होते. शासनाने कोळसा सोडून आयात तेलाची कास धरली आणि खाणी एकामागून एक मिटू लागल्या. ऑक्टोबर १९८१ मध्ये एका खाणीत वायूचा स्फोट होऊन ९३ जण मृत्युमुखी पडले. आग विझविण्यासाठी बेपत्ता कामगार आत असतानाच खाणीत पाणी सोडण्यात आले. पुढे कंपनीने अंग काढून घेतले. कामगारांची घरे, पाणीपुरवठा, रुग्णालय यांचा भार नगरपालिकेच्या माथी आला. १९९० मध्ये शेवटची खाण बंद झाली.

‘कोळशाकडून पर्यटनाकडे’ ही घोषणा याच काळातली. जपानी भाषेत खाण आणि पर्यटन या शब्दांचे यमक जुळते. हिशेब मात्र जुळला नाही. नगरपालिकेने कोळशाच्या इतिहासाचे करमणूक-ग्राम उभारले आणि १९९० पासून चित्रपट महोत्सव भरविला. खाजगी कंपनीच्या मालकीचे स्की-केंद्र, कंपनी निघून जाऊ लागताच, २००२ साली स्वतः विकत घेतले. पाहुणे घटत गेले आणि तूट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवून लपविली गेली. २००६ साली दिवाळे जाहीर झाले. सुमारे ३५ अब्ज ३० कोटी येनांचा बोजा अठरा वर्षांत फेडण्याची योजना २००७ मध्ये लादण्यात आली. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला, शाळा एकत्र करता करता एकच प्राथमिक शाळा उरली, नगरपालिकेच्या नोकरांचे पगार कापले गेले. स्की-केंद्र पुन्हा खाजगी हातांत जाऊन विकले गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये बंद पडले. त्या वर्षीच्या जनगणनेत युबारीची लोकसंख्या साडेसात हजारांच्याही आत आली होती.

युबारीचे सारे कर्ज पर्यटनामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाणमालकांनी मागे ठेवलेला भार आणि शासनाचे इंधन-धोरण यांचा त्यात मोठा वाटा होता. परंतु ज्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या देशाला उष्णता पुरविली, त्यांना उत्पादनाचे दुसरे साधन न देता ‘आता पाहुण्यांची करमणूक करा’ असे सांगण्यात आले, हे विसरता येत नाही. पालिकेने अंग काढून घेतलेला चित्रपट महोत्सव २००८ साली नागरिकांनी आपल्या बळावर पुन्हा उभा केला, हेही विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहावी. क्यूशू बेटावरील युफुइन हे डोंगरांनी वेढलेले, गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. १९५२ साली हे सारे खोरे धरणाखाली बुडविण्याची योजना आली, ती तरुणांच्या विरोधामुळे बारगळली. १९७० मध्ये जवळच्या पाणथळ रानात गोल्फचे मैदान करण्याचा घाट घातला गेला, तोही लोकांनी हाणून पाडला. नाकाया केन्तारो व मिझोगुची कुनपेई हे छोटी निवासगृहे चालविणारे गृहस्थ या चळवळीत पुढे होते. १९७१ साली ते एका सहकाऱ्यासह जर्मनीतील आरोग्यस्थळे पाहून आले. शांतता, झाडी आणि मोकळी जागा हेच गावाचे भांडवल, हा विचार त्यांनी तेथून आणला.

परंतु मोकळी जागा टिकणार कशी? डोंगरउतारावरची कुरणे दलालांच्या हाती पडत होती, कारण गुरे पाळणे परवडत नव्हते. तेव्हा १९७२ मध्ये ‘एका गाईचे कुरण’ ही योजना निघाली. शहरातील माणसाने एका गाईची किंमत गुंतवायची, शेतकऱ्याने ती पाळायची आणि व्याज म्हणून गावचे धान्य-भाजी पाठवायची. एप्रिल १९७५ मध्ये भूकंप झाला, गाव उद्‌ध्वस्त झाल्याची आवई उठली आणि पाहुणे येईनासे झाले. त्या शरद ऋतूत गावाने कुरणावर मेळा भरविला. पाहुण्यांनी तेथलेच गोमांस भाजून खायचे आणि एकेकाने व्यासपीठावर चढून मनातले गाऱ्हाणे जिवाच्या आकांताने ओरडून सांगायचे. ज्याचा आवाज मोठा त्याला बक्षीस! हा मेळा पुढे दरवर्षीचा झाला. १९७६ साली चित्रपटगृह नसलेल्या या गावाने चित्रपट महोत्सवही सुरू केला. १९९० मध्ये, विश्रामस्थळांच्या कायद्याची लाट ऐन भरात असताना, युफुइनने मोठ्या बांधकामांना लगाम घालणारा स्वतःचा नियम केला.

युफुइन म्हणजे स्वर्ग नव्हे. गावाची कीर्ती वाढताच बाहेरच्या भांडवलाची दुकाने मुख्य रस्त्यावर दाटली आणि गर्दीने शांततेवर आक्रमण केले. २००५ साली शेजारच्या नगरांशी विलीनीकरण होऊन गावाची स्वतंत्र नगरपालिकाही गेली. तेव्हा लोकशक्तीने मिळविलेले एकदाच मिळवून भागत नाही, हाही धडा युफुइनच देते. तथापि युबारी आणि युफुइन यांतील भेद स्पष्ट आहे. दोन्हींकडे महोत्सव होते, दोन्हींकडे पाहुणे होते. एकीकडे गेलेल्या उत्पादनाची जागा करमणुकीने घ्यावी अशी अपेक्षा होती. दुसरीकडे गुराख्याचे कुरण वाचावे म्हणून उत्सव जन्माला आला.

उत्सवाचे स्वामित्व गावाने राखल्याचे आणखी एक उदाहरण तोयामा प्रांतातील यात्सुओचे आहे. सप्टेंबरच्या १ ते ३ तारखांना, भात तयार होत असताना वादळी वारा शांत राहावा म्हणून तेथे ‘ओवारा’चे संथ नृत्य होते. गवताच्या टोप्यांनी चेहरे झाकलेले तरुण-तरुणी उतरत्या गल्ल्यांतून कोक्यू या तंतुवाद्याच्या करुण सुरांवर नाचत जातात. १९८० च्या दशकात एका कादंबरीमुळे व गीतामुळे कीर्ती पसरली आणि त्या लहानशा गावात तीन दिवसांत दोन लाखांहून अधिक माणसे लोटू लागली. गावाने २० ऑगस्टपासून आपल्या अकरा आळ्यांत आळीपाळीने पूर्वरात्री ठेवल्या व गर्दी वाटून घेतली. मुख्य दिवसांची ठरलेली वेळ संपून पाहुण्यांची रीघ ओसरली की उत्तररात्री गावकरी पुन्हा बाहेर पडतात आणि स्वतःसाठी नाचतात.

तोकुशिमाच्या नर्तकांना हा हक्क झगडून राखावा लागला. २०१८ साली तेथील पर्यटन-संस्थेवर चाळीस कोटी येनांहून अधिक कर्ज साचल्याचे कारण देऊन नगरपालिकेने तिचे दिवाळे काढले. मग एकाच जागी गर्दी होऊन इतर जागांची तिकिटे खपत नाहीत म्हणून हजाराहून अधिक नर्तकांचे सामुदायिक नृत्य महापौरांच्या समितीने रद्द केले. १३ ऑगस्टच्या रात्री नर्तक-मंडळांनी बंदी झुगारली आणि समितीच्या प्रेक्षागारांबाहेर, रस्त्यावर ते नृत्य केले. वर्षभर विनावेतन सराव करणाऱ्यांनी तिकिटाच्या हिशेबाला दिलेले ते उत्तर होते.

‘पोट भरण्याची भ्रांत असता मालकीची चर्चा काय करायची?’ असे व्यवहारवादी विचारतील. परंतु २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लक्ष परदेशी पाहुणे जपानमध्ये आले आणि तरीही कोकुसेकी मंदिराचा उत्सव त्याच वर्षी संपला. पाहुण्यांची संख्या वाढल्याने खेडे आपोआप जगत नाही. कुरण, शेत, दवाखाना आणि शाळा शाबूत राहिल्या तर खेडे जगते, आणि जगणारे खेडेच उत्सव करू शकते.

म्हणून ज्या गावात उत्सवाचे, महोत्सवाचे, विश्रामस्थळाचे आराखडे येतील, तेथील कार्यकर्त्यांनी चार प्रश्न ग्रामसभेत उभे करावेत. निर्णय कोण घेणार? तोटा झाला तर कर्ज कोण फेडणार? स्वयंपाकघरात, हॉटेलात, रस्त्यावर राबणाऱ्यांना बारमाही मजुरी मिळणार की हंगामापुरती? आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर गावाला स्वतःसाठी नाचायला जागा उरणार काय? या प्रश्नांची उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतल्यावाचून कोणत्याही आराखड्याला संमती देऊ नये.